स्टोव्हचा भडका म्हणून बंद झालेली फाईल: तीस वर्षांनी काय करता येतं?

आधी तुमच्या प्रश्नाचा गोषवारा. १९९२ साली, तुम्ही पाच वर्षांच्या असताना, कळव्याच्या चाळीत तुमची आई भाजून गेली. स्टोव्हचा भडका उडाला असं सांगण्यात आलं, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि विषय तिथेच मिटला. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं. आजोळचे म्हणतात आई वाटेतच गेली. वडिलांकडचे म्हणतात सायनच्या दवाखान्यात दोन दिवस होती. आता धाकटी काकू सांगते, की त्या रात्री स्टोव्ह पेटलेलाच नव्हता. आधी मारहाण झाली, आई निपचित पडली आणि मग तिच्यावर रॉकेल ओतलं. वडील हयात आहेत, अंबरनाथला राहतात. इतक्या वर्षांनी काही होऊ शकतं का, आणि वडिलांना आधी तोंडावर विचारावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभी राहते. त्यामुळे तुमचं प्रकरण मी समोरच्या वकिलाच्या नजरेने बघणार आहे. ऐकायला ते कडू वाटेल, पण कुठे मार बसणार हे आधी कळलेलं बरं.

कायद्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकते. खुनाला मुदत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४) मुदतीचं बंधन घालतं ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना. म्हणजे ४९८-अ, सासरच्या छळाचं कलम, तुमच्या हातून केव्हाच गेलं. पण ३०२ म्हणजे खून, ३०४-ब म्हणजे हुंडाबळी, ३०६ म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं आणि खुनाचा पुरावा नाहीसा करण्याचं २०१, ही चारही कलमं अजून लागू शकतात. घटना १९९२ ची असल्यामुळे गुन्हा जुन्या दंड विधानाखालीच नोंदला जाईल. १ जुलै २०२४ पासून आलेली न्याय संहिता मागे जाऊन लागत नाही. तपासाची पद्धत तेवढी नव्या संहितेने चालेल.

हुंडाबळीसाठी मृत्यू लग्नापासून सात वर्षांच्या आत व्हावा लागतो. तुम्ही पाच वर्षांच्या होतात, म्हणजे सात वर्षं उलटली नसण्याची शक्यता बरीच आहे. लग्नपत्रिका शोधा. पण या कलमावर फार विसंबू नका. त्यासाठी मृत्यूच्या अलीकडच्या काळात हुंड्यापायी छळ झाल्याचा पुरावा लागतो, आणि तुमच्या पत्रात पैशांच्या मागणीचा उल्लेखच नाही. तुमचा प्रश्न खुनाचाच आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. अकस्मात मृत्यूची चौकशी बंद होणं म्हणजे कोणी निर्दोष सुटणं नव्हे. खटला चालून वडील सुटले असते, तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला उभा राहिला नसता. इथे कोणत्याच कोर्टाने काही ठरवलेलं नाही. दार लावलेलं आहे, कुलूप नाही.

आता खरा भाग. टीव्हीवरच्या मालिकांमुळे लोकांना वाटतं की जुने खून प्रयोगशाळेत उलगडतात. काही उलगडतातही. इंग्लंडमध्ये कॉलिन पिचफोर्क १९८० च्या दशकात डीएनएमुळे सापडला, अमेरिकेतला 'गोल्डन स्टेट किलर' २०१८ मध्ये नातलगांच्या वंशावळीच्या माहितीवरून सापडला. पण तिथे मारणारा परका होता आणि तो कोण हाच प्रश्न होता. घरातल्या खुनात तो प्रश्न सहसा नसतोच. नवऱ्याचे बोटांचे ठसे घरभर असणारच, त्याचा केस बायकोच्या पदराला असणारच. त्यातून काहीही सिद्ध होत नाही. तुमच्या आईचं तर दहन झालेलं आहे. तपासायला काही उरलेलंच नाही. उरलेत ते दोनच प्रकार: त्या वेळी लिहिले गेलेले कागद, आणि त्या वेळी गप्प बसलेली माणसं. घरातला जुना खून उघडतो तो नाती बदलल्यामुळे. कोणी मरतं, कोणी वेगळं होतं, कोणाची भीती संपते आणि कोणीतरी बोलू लागतं. पण ते बोलणं टिकतं ते तेव्हाच्या कागदाशी जुळलं तरच.

याचं जगातलं अलीकडचं ठळक उदाहरण सिडनीचं आहे. जानेवारी १९८२ मध्ये लिनेट डॉसन ही दोन लहान मुलींची आई नाहीशी झाली. नवरा ख्रिस डॉसन शाळेत शिक्षक होता. ती स्वतःहून सोडून गेली, नंतर तिचा फोनही आला, असं त्याने सांगितलं. त्याची एक विद्यार्थिनी काही दिवसांतच त्या घरात राहायला आली. बायको हरवल्याची तक्रार त्याने दिली ती सुमारे सहा आठवड्यांनी. २००१ आणि २००३ मध्ये तिथल्या कोरोनरनी, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, त्याच्यावर खटला भरावा असं सुचवलं, पण सरकारी वकिलांना पुरावा पुरेसा वाटला नाही. अटक झाली डिसेंबर २०१८ मध्ये, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवलं. चाळीस वर्षं गेली, मृतदेह आजवर सापडलेला नाही आणि प्रयोगशाळेचा निर्णायक पुरावा एकही नव्हता. 'तिचा फोन आला होता' हे त्याचं म्हणणं खोटं ठरलं, ती विद्यार्थिनी मोठेपणी बोलली, आणि मुलींना टाकून जाणारी ही बाई नव्हे हे माणसांनी सांगितलं. १९८२ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण २०२२ मध्ये अंगाशी आलं.

आपल्याकडे बंगळूरचं स्वामी श्रद्धानंद प्रकरण आठवा. १९९१ मध्ये त्याची बायको नाहीशी झाली. ती आज इथे, उद्या तिथे गेली आहे असं तो तिच्या मुलीला सांगत राहिला. मुलगी मागे हटली नाही. १९९४ मध्ये त्याच घराच्या आवारात सांगाडा सापडला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची शिक्षा दिली. तिथेही धागा मुलीनेच धरून ठेवला होता.

म्हणून तुमचं पहिलं काम काकूचा जबाब नव्हे. पहिलं काम आई नेमकी कुठे गेली हे कागदावर आणणं. वाटेत की सायनला? तुम्ही हे दोन्ही सहज लिहून गेलात, पण सगळं प्रकरण याच्यावर उभं किंवा आडवं होणार आहे.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथल्या पालिकेत होते. सायनला गेली असेल तर मुंबई महापालिकेच्या एफ-उत्तर विभागात. ठाण्यात मृत घोषित केलं असेल तर ठाणे महापालिकेत. मुलगी म्हणून दाखला तुम्हाला मिळेल. त्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच ते दाखल्यावर छापायचं नसतं. पण तारीख आणि ठिकाण असतं, आणि आत्ता आपल्याला तेवढंच हवं आहे.

सायन निघालं तर कागदांची वाट वेगळी. १९९२ मध्ये मुंबईत कोरोनर कोर्ट होतं. ते बंद झालं १९९९ मध्ये. संशयास्पद मृत्यूची चौकशी तेव्हा मुंबईत कोरोनर करायचा. शिवाय दवाखान्याच्या हद्दीतलं पोलीस ठाणे आधी नोंद घ्यायचं आणि मग कागद घटनास्थळाच्या ठाण्याला, म्हणजे कळव्याला, वर्ग व्हायचे. दोन ठाणी, एक दवाखाना, एक कोरोनर: एका ठिकाणी फाईल नष्ट झाली असली तरी दुसरीकडे प्रत असण्याची आशा राहते. ठाणे शहरातच गेली असेल तर कळवा पोलीस आणि पोलीस आयुक्तालयातले कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असलेले सहायक आयुक्त, एवढीच साखळी. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती आणि मृत्यू संशयास्पद होता, तर दंडाधिकाऱ्याची चौकशी अपेक्षित होती, आणि ती झाली असेल तर त्यात माहेरच्यांचे जबाब असू शकतात.

कागद मागायचे माहिती अधिकारातून. इथे एक कलम लक्षात ठेवा, कारण समोरचा माहिती अधिकारी ते आपण होऊन सांगणार नाही. कलम ८(३): वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेची माहिती असेल तर कलम ८(१) मधल्या माहिती नाकारण्याच्या बहुतेक सवलती लागू होत नाहीत. तपासात अडथळा येईल, ही खाजगी माहिती आहे, ही नेहमीची उत्तरं तिथे चालत नाहीत. अर्जात हे कलम लिहूनच टाका. 'आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर नाश केल्याची नोंद मागा. जुने कागद नष्ट करताना नोंद ठेवावी लागते, आणि ती नसेल तर कागद शोधायला त्यांना पुन्हा जावं लागतं. आमच्या भागात २६ जुलै २००५ च्या पुरावर बरंच ढकललं जातं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण कळव्याची फाईल वाहून गेली म्हणून सायनच्या दवाखान्यातली शवविच्छेदनाची प्रत वाहून जात नाही.

मागायचं काय? अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरचा उतारा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, कपडे कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले असतील तर तो सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट, सगळ्यांचे जबाब आणि चौकशी बंद करण्याचा आदेश. मुद्देमाल, म्हणजे स्टोव्ह आणि कपड्यांचे तुकडे, आता असण्याची शक्यता धरू नका.

कागद हाती आले की पीएम रिपोर्टपासून सुरुवात करा. श्वासनलिकेचा रकाना बघा. जिवंत माणूस आगीत श्वास घेतो, त्यामुळे श्वासनलिकेत काजळीचे कण सापडतात आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. श्वासनलिका स्वच्छ असेल, तर आग लागली तेव्हा श्वास थांबलेला होता असं म्हणायला जागा होते. काकूची हकिगत खरी असेल तर हा रकाना तिचा सर्वांत मोठा साक्षीदार. मी आरोपीची वकील असते तर यावर काय म्हणाले असते? की रॉकेलच्या अचानक भडक्यात माणूस काही क्षणांत जातो आणि काजळी कमी सापडू शकते; की १९९२ च्या त्या डॉक्टरांनी श्वासनलिका उघडून पाहिली याची नोंदच नाही. म्हणून तेवढ्या एकाच रकान्यावर थांबायचं नाही.

भाजल्याच्या जागा बघा. स्टोव्हपाशी बसलेल्या बाईच्या साडीने पेट घेतला तर सहसा पुढचा भाग भाजतो: मांड्या, पोट, छाती, मग चेहरा. वरून रॉकेल ओतलं असेल तर डोक्यापासून, खांद्यांपासून खाली पाठीपर्यंत. 'केसांना रॉकेलचा वास' अशी नोंद असेल तर ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करा. पण आत्महत्या करणारी बाईही डोक्यावरूनच ओतून घेते, हेही ध्यानात असू द्या. ही खूण अपघात नाकारते, खून सिद्ध करत नाही. मानेचा भाग बघा: हायॉइड हाड, कंठाच्या स्नायूंत रक्त साकळलेलं आहे का. तरुण बाईचं हायॉइड लवचिक असतं, गळा दाबूनही ते बहुतेकदा मोडत नाही, त्यामुळे 'हाड शाबूत' म्हणजे गळा दाबला नाही असा अर्थ होत नाही.

एक धोका इथेच सांगते. काकू म्हणते आईच्या मुठी आवळलेल्या होत्या, म्हणजे ती झटापट करत होती. तसं नाही. उष्णतेने स्नायू आखडतात आणि कोणतंही जळालेलं शरीर हातपाय मुडपून पवित्रा घेतल्यासारखं दिसतं. तीव्र उष्णतेने कवटीला तडेही जातात, आतमध्ये रक्त साकळल्यासारखं दिसतं. ही चूक काकूने कोर्टात केली की समोरचा वकील तिथेच तिला पकडणार.

घटनास्थळाचा पंचनामा लोक चाळून सोडून देतात. तो शब्दन्‌शब्द वाचायचा कागद आहे. स्टोव्ह पंपाचा होता की वातीचा? हा माझा पहिला प्रश्न असतो. पंपाच्या स्टोव्हमध्ये हवेचा दाब असतो, पिन घालताना, जास्त पंप मारल्यावर भडका उडू शकतो. वातीच्या स्टोव्हचा स्फोट ही फार विरळ गोष्ट. स्टोव्ह फुटला होता की जागच्या जागी शाबूत? टाकीत रॉकेल किती होतं? वर भांडं होतं का, त्यात काय होतं? वेळ रात्री अकराची असेल आणि ओट्यावर घासलेली भांडी पालथी घातलेली असतील, तर बाई काय शिजवत होती? कॅन कुठे होता, झाकण लावलेलं होतं का? दाराची कडी आतून लावलेली होती का, तोडली का? आणि शेवटचं: वडिलांच्या हातांना काही भाजलं होतं का? बायको डोळ्यांदेखत पेटली आणि विझवताना तळहाताला फोडही आला नाही, तर ते त्यांनी तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. त्या दिवशी त्यांचा जबाब झालेला असणार. तो मिळाला तर त्यांचं १९९२ चं म्हणणं तुमच्या हातात आलं.

ते इतकं महत्त्वाचं का, हे नांदेड जिल्ह्यातल्या एका खटल्यातून समजेल. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, २००६. बायको साप चावून मेली असं घरच्यांनी सांगितलं. पीएममध्ये गळा दाबल्याचं निघालं. न्यायालय म्हणालं, की घराच्या चार भिंतींत गुपचूप झालेल्या गुन्ह्यात सरकार पक्षावरचा सुरुवातीचा भार असतोच, पण तो तितका जड नसतो. घरात असलेल्यांनी मृत्यू कसा झाला ते सांगायला हवं, आणि त्यांनी खोटं कारण सांगितलं तर तोही साखळीतला दुवा होतो. पुराव्याच्या कायद्याचं जुनं कलम १०६, आता साक्ष अधिनियमाचं १०९. स्टोव्हचं कारण कागदावरूनच खोटं ठरलं, तर तुमचं प्रकरण या निकालाच्या सावलीत येतं.

उलट्या बाजूला पुण्याचं शरद बिरधीचंद सारडा प्रकरण आहे, १९८४ चा निकाल. लग्नाला चार महिने झालेली मुलगी सायनाइडने गेली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या त्या निकालात घालून दिल्या, आणि आजही प्रत्येक आरोपीचा वकील त्यानेच सुरुवात करतो. मीही करते. आत्महत्येची शक्यता उरत असेल तर खुनाची शिक्षा टिकत नाही, हे त्याचं सार. तुमच्या प्रकरणातही खरी लढत अपघात की खून अशी होणार नाही. स्टोव्हची कथा ढासळली की समोरून 'तिनेच पेटवून घेतलं, लाजेखातर आम्ही स्टोव्ह सांगितलं' असं येणार. त्याची तयारी आत्ताच ठेवा.

त्याच सारडा निकालात तुमच्या कामाचंही काही आहे. मेलेल्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात वाचली गेली. १९९२ मध्ये चाळीत फोन नसायचे, मुली माहेरी अंतर्देशीय पत्रं लिहायच्या. आजोळच्या पेट्या, देवघरातले डबे, मामाच्या माळ्यावरची ट्रंक बघा. पत्रात 'दिवाळीला येते, पिंकीला फ्रॉक घेऊन ठेवा' असं काही साधं असेल तर तेही जपा. आठ दिवसांनी माहेरी जायचं ठरवणारी बाई पेटवून घेईल का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आणि इथे उशीर तुमच्या बाजूने आहे: तीस वर्षांहून जुनं कागदपत्र योग्य ठिकाणाहून आलं असेल तर ते त्याच माणसाच्या हातचं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. पत्र ज्याच्या घरी सापडेल त्याच्याच हाताने बाहेर काढा, पाकिटासकट, फोटो काढून. लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमाने करतात आणि पुराव्याची वाट लावतात.

आता सायनची शक्यता. आई खरोखर दोन दिवस वॉर्डात होती, तर विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा पोलिसाने तिचा मृत्युपूर्व जबाब घेतलेला असणार. त्यात 'स्टोव्ह पेटवताना भडका उडाला, माझी कोणावर तक्रार नाही' असं असेल, तर तुमचं प्रकरण जवळपास संपलं. वॉर्डातल्या त्या जबाबाच्या वेळी खाटेशी सासू उभी असायची, दाराशी नवरा, आणि बाईच्या डोळ्यांसमोर तिची लहान मुलं, हे मला ठाऊक आहे, न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. तरीही मेलेल्या बाईचा स्वतःचा शब्द काकूच्या तीस वर्षांनंतरच्या शब्दाने खोडणं फार अवघड. शिवाय काकू म्हणते आई आधीच निपचित होती. मग तीच बाई दुसऱ्या दिवशी शुद्धीत जबाब देते हे दोन्ही एकत्र बसवायला तुम्हाला घाम फुटेल. म्हणून आधी दाखला.

काकूबद्दल. ती खरं बोलत असेल असं धरून चालू. तिला पहिला प्रश्न येणार: इतकी वर्षं का गप्प होता? 'सासूबाई होत्या, नवरा होता, मुलं लहान होती, कुठे जाणार होते' हे उत्तर प्रामाणिक आहे आणि कोर्टाला कळतं. दुसरा प्रश्न जास्त बोचरा: चाळ पुनर्विकासाला गेली आहे का? ठाण्यात सध्या दर दुसऱ्या घरात हा वाद आहे. खोली कोणाच्या नावावर, दिरांमध्ये हिस्सा कसा, यावरून काकू आणि तुमचे वडील भांडत असतील, तर मी उलटतपासणीत दुसरं काही विचारणारच नाही. असा वाद असेल तर लपवू नका. पोलिसांना पहिल्या दिवशी सांगितलेला वाद पचतो. समोरच्याने उघड केलेला पचत नाही.

आणि काकू त्या रात्री नुसती बघत होती का? तिने फरशी पुसली, कॅन हलवला, पोलिसांना स्टोव्हचं सांगितलं, तर ती स्वतः २०१ मध्ये येऊ शकते. त्या कलमालाही मुदतीचं संरक्षण नाही. माफीचा साक्षीदार हा मार्ग कायद्यात आहे, पण तो कोर्ट देतं, तुम्ही नाही. 'तुला काही होणार नाही' असा शब्द तिला देऊ नका. तिला स्वतंत्र वकील हवा. तुमचा आणि तिचा वकील एकच असणं दोघींनाही घातक. तिचा जबाब शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, जुन्या १६४ आणि आताच्या १८३ कलमाखाली व्हावा. तोवर तिला प्रश्न विचारून, दुरुस्त करून, मोबाइलवर पुन्हापुन्हा रेकॉर्ड करू नका. आधीच रेकॉर्डिंग केलं असेल तर मूळ फोन तसाच ठेवा, पुसू नका, विकू नका.

तुमची स्वतःची आठवण सगळ्यांत नाजूक. पाच वर्षांचं मूलही साक्षीदार असू शकतं, वयाची खालची अट नाही. पण मोठेपणी सांगितलेली पाचव्या वर्षीची आठवण कोर्ट फार जपून घेतं. म्हणून एक काम आज रात्रीच करा, कागद यायच्या आधी: तुम्हाला स्वतःला जे आठवतं ते हाताने लिहून काढा, तारीख घाला. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. वास आठवत असेल, आवाज आठवत असेल, तर तेवढंच लिहा. भरून काढू नका. पीएम रिपोर्ट वाचल्यावर आठवणी बदलतात, आपल्याला कळतही नाही. नार्को वगैरेच्या नादी लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालानंतर संमतीशिवाय ती होत नाही आणि त्यातलं बोलणं पुरावा ठरत नाही.

मामांशी बोलताना जपून बोला. फाईलमध्ये बहुधा आजोबांची किंवा मामांची सही असेल, 'आमचा कोणावर संशय नाही' या वाक्याखाली. ते बघून चिडू नका. नात सासरच्यांच्या ताब्यात, घरात दुसरी मुलगी लग्नाची. तेव्हाच्या बापांनी असे कागद सही करून दिले आहेत. पण मामा हयात असतील तर ती सही का केली हे त्यांनाच सांगावं लागेल, तुम्हाला नाही.

हे सगळं जमलं की अर्ज. कळवा पोलीस ठाण्याला द्या आणि प्रत उपायुक्तांना, गुन्हे शाखेला. ते लगेच गुन्हा नोंदवणार नाहीत, आधी चौकशी लावतील. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने, २०१३, दखलपात्र गुन्ह्यात नोंद बंधनकारक केली, तरी फार उशिराने आलेल्या तक्रारीत प्राथमिक चौकशीला मुभा ठेवली आहे. तेव्हा चौकशी लावली म्हणून भांडू नका. महिनोन्‌महिने काही हललं नाही तर ठाण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा म्हणून, १७५(३) चा अर्ज, जुना १५६(३). त्याआधी पोलीस ठाणे आणि वरिष्ठ या दोन्ही पायऱ्या चढल्याचा पुरावा शपथपत्रासह लागतो, म्हणून प्रत्येक अर्जावर पोच घ्या. अर्जात 'खून केला' असं ठासून लिहू नका. कोणत्या कागदात काय दिसतं, कोण काय सांगायला तयार आहे, एवढंच लिहा. भावनेने भरलेला अर्ज फायलीत जातो, विसंगती दाखवणारा अर्ज टेबलावर राहतो.

निकालाचं विचाराल तर माझा अंदाज असा. श्वासनलिका स्वच्छ, स्टोव्ह वातीचा किंवा शाबूत, वडिलांचा तेव्हाचा जबाब या दोन्हींशी विसंगत आणि काकू ठाम: या चार गोष्टी जुळल्या तर गुन्हा दाखल होईल आणि खटलाही उभा राहील. त्यातल्या दोनच असतील तर तपास होईल, पुढचं सांगता येत नाही. फक्त काकू असेल, तर मी तुम्हाला पुढे जाऊ नका असंच सांगेन. वडिलांचं वय पाहता अटक झाली तरी जामीन मिळण्याची शक्यता मोठी आहे, हेही मनाशी धरून ठेवा.

आणि तोंडावर विचारण्याचं. नका विचारू, निदान कागद हातात येईपर्यंत नका. आज ते बांधलेले आहेत ते १९९२ मध्ये जे सांगून बसले त्याला. तुम्ही विचारलंत की त्यांना कळेल काकू बोलली, काकूवर घरातून दाब येईल, आणि स्टोव्हच्या जागी आत्महत्येची कथा तुमच्या अर्जाच्या आधी तयार होईल. ते आपण होऊन काही बोलले, दारूत बोलले, आजारपणात बोलले, तर ऐकून घ्या, उलट प्रश्न करू नका, आणि त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मुलीसमोर दिलेली, कच्चा पुरावा का होईना, वाचली जाते.